सात नंबरचा चिमटा

शिंपीणबाईंचे हात कापतात, अशी कुजबुज होती. कुणी म्हणे वय झालं, कुणी म्हणे गोळ्या चालू आहेत. रविवारी मैदानावर तिचं रिमोटचं विमान नाकावर आपटलं आणि बुधवारपर्यंत दोन गिऱ्हाइकं न शिवलेलं कापड परत घेऊन गेली. अहो, शिंपिणीचे हातच गेले म्हटल्यावर तिच्याकडे राहिलं काय?

आणि मैदानावरच्या क्लबातल्या एकूण एक बाप्याच्या विमानाचे पंख हिनंच मढवलेले! एक सुरकुती दाखवा आणि बक्षीस घ्या. तेव्हा नाही कापले हात.

तिनं स्वतःचं विमान केलं, तेव्हा क्लबाचे अध्यक्ष तिला पाढे शिकवावेत तसे शब्द शिकवायला बसले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, सगळे त्यांना साहेबच म्हणत.

"शेपटीचं उभं पान तो रडर, नाक डावीउजवीकडे नेतो. आडवं पान तो एलेव्हेटर, नाक वरखाली करतो. आणि थ्रॉटल म्हणजे..."

"मशीनचं पायडल. दाबलं की धावतं."

साहेबांना ते झोंबलं. बायकांना इतक्या लवकर समजू नये, असा त्यांचा दंडक.

मैदानावर एक फळी होती, तिच्यावर रिमोटच्या लहरींचे नंबर घातलेले कपड्यांचे चिमटे, प्रत्येक नंबराचा एकच. आपल्या नंबरचा चिमटा कॉलरला लावायचा, मगच रिमोट चालू करायचा. एकाच नंबरवर दोन रिमोट चालले, तर वर उडणारं विमान कुणाचंच ऐकत नाही. तिचा नंबर सात. साहेबांचाही सात.

गुरुवारी सभा भरली. साहेबांनी घसा खाकरला. "वेग कमी पडला की पंख हवा सोडतो, त्याला स्टॉल म्हणतात. बाई घाबरल्या, हात कापले, स्टॉल झाला."

"स्टॉल कळतो मला. नाक खाली घालायला रिमोटची दांडी पुढे ढकलली होती मी, विमान ऐकेना."

"असू दे हो. तुम्ही पंख मढवा, उडवायचं आम्ही बघतो."

माना डोलल्या. तिनंच मढवलेले पंख उडवणाऱ्या माना! तिच्या कानशिलांपर्यंत आग गेली.

तेवढ्यात सभेला सोबत आलेले साहेबांचे जावई बोलले. रविवारी ते पहिल्यांदाच मैदानावर आले होते, सासऱ्यांचं विमान बघायला. "पण बाबा, त्या दिवशी तुमचं विमान टेबलावर आपलं आपण शेपूट हलवत होतं की, कुत्र्यासारखं! तुम्ही रिमोट चालू केलात तेव्हा कुठे गप्प बसलं. आणि लगेच तिकडे धाडकन..."

जावईबापूंचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. सासऱ्यांचा चेहरा बघितला असावा.

"ते शेपूट मी हलवत होते, माझ्या रिमोटनं. नंबर एकच ना!" शिंपीणबाई म्हणाली. पिशवीतून तिनं सातचा चिमटा काढला आणि साहेबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. "विमानाचे तुकडे वेचताना फळीवर परत लावायचा राहून गेला."

कुणी माफी मागितली? नाव नको! एकानं पंखा वाढवला, दुसऱ्याला घरची आठवण झाली. त्या दोन गिऱ्हाइकांकडे जाऊन खरं काय ते सांगायला तर एकाचीही जीभ उचलली नाही.

म्हणून इथे सांगायचं. सातचा चिमटा तिच्या कॉलरला होता. साहेबांनी चिमटा न घेता सात नंबरवर रिमोट चालू केला. तिचे हात कापत नव्हते.