चिखलदरा, व्हाया अकोटचं रेडिएटरचं दुकान

तयार मोटारहोम घ्यायचा विचार आम्ही तीन वर्षं केला आणि त्या तीन वर्षांत तिची किंमत साडेतीन लाखांनी चढली. पुण्याच्या एका कारखान्यात पहिल्यांदा फोन केला तेव्हा अकरा लाख सांगितले होते. पुढच्या दिवाळीला साडेबारा. "मॅडम, पत्रा वाढला, प्लायवूड वाढलं, आम्ही तरी काय करणार?" तिसऱ्या दिवाळीला साडेचौदा ऐकल्यावर माझ्या नवऱ्याने, अविनाशनी, शांतपणे फोन ठेवला आणि म्हणाले, "मंगल, आपनच बनवू."

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना हौस म्हणून असली गाडी हवी आहे त्यांच्यासाठी आकडे पुढे येतीलच. आमची मात्र नुसती हौस नव्हती. सहा वर्षांपूर्वी माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून मी चालते, उभी राहते, ओट्यापाशी स्वयंपाक करते, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू शकत नाही. शाळेतली नोकरी सोडली आणि प्रवास तर संपलाच. अमरावतीहून नागपूरला डॉक्टरकडे जायचं तेही आडवं होऊन, गाडीचं छत बघत.

अविनाश अठ्ठावीस वर्षं आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका शाळेची जुनी डिझेल मिनीबस सव्वादोन लाखांना घेतली. भातकुलीला त्यांच्या भावाच्या शेतातल्या शेडमध्ये सात महिने काम चाललं. पलंग, गॅसची शेगडी, ऐंशी लिटरची पाण्याची टाकी, मागे पडद्याआड छोटासा संडास. सगळं मिळून पाच लाखांच्या आत बसलं.

माझी एकच मागणी होती. मला छत बघायचं नाही, रस्ता बघायचा आहे. माझा पलंग थेट पुढच्या काचेपर्यंत यायला हवा.

अडचण अशी की या गाडीत इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच असतं, लोखंडी खोक्यात, आणि त्याच्या पुढे, जाळीच्या मागे रेडिएटर. अविनाशनी तो रेडिएटर तिथून काढला आणि डाव्या बाजूला, दाराच्या मागे उभा बसवला. बाजूच्या पत्र्याला दीड बाय दोन फुटांचं भोक पाडून जाळी लावली, विजेवर चालणारे दोन पंखे जोडले, लांब पाइप ओढले. पुढची दीड फूट जागा मोकळी झाली. माझी उशी काचेपाशी आली.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी सकाळी सहाला आम्ही निघालो. रात्रीच आणून ठेवलेले गिले वडे डब्यात, थर्मासमध्ये चहा. टाकी भरून घेतली. डिझेल दर महिन्याला पन्नास पैशांनी चढत होतं आणि आमची गाडी लिटरला जेमतेम नऊ किलोमीटर देते, तेव्हा हिशेब आधीच करून ठेवा.

वलगाव गेलं, आसेगाव गेलं. आसेगावच्या पुढे रस्ता वाईट आहे, हळू चालवावं. मी लोडाला टेकून आडवी पडले होते आणि समोरून रस्ता सरळ माझ्या अंगावर येत होता. कापूस वेचायला निघालेल्या बाया, त्यांच्या कमरेला बांधलेली ओटी, एसटीची वाट बघणारे म्हातारे. एका वळणावर सातपुड्याची निळी रेघ दिसली आणि मला हसू की रडू झालं. अविनाश माझ्याकडे बघत म्हणाले, "दुखून राहिलं का? थांबवू?"

"काही दुखत नाही. चालवा तुम्ही."

परतवाड्यापर्यंत तापमानाचा काटा अर्ध्यावरच होता. अविनाश खुशीत होते. पण परतवाडा सोडून धामणगाव गढीवरून घाट लागला, गाडी दुसऱ्या गिअरवर आली आणि काटा सरकायला लागला. चौथ्या की पाचव्या वळणावर तो लाल पट्ट्यात गेला आणि डावीकडून भसाभस वाफ निघाली.

मागून आलेल्या जीपचा ड्रायव्हर उतरून ओरडला, "काका, झाकन उघडू नका! भाजान!"

"मले माहीत हाय," अविनाश तुटकपणे म्हणाले. अठ्ठावीस वर्षं त्यांनी पोरांना हेच सांगितलं होतं. (तुम्हालाही सांगते: इंजिन तापलं तर तासभर थांबा, मगच झाकण उघडा आणि पाणी थोडं थोडं ओता.)

दोन तासांनी इंजिन निवलं. पुन्हा चढायचा प्रयत्न केला, दोन वळणांत तेच. शेवटी गाडी वळवली आणि उताराने परतवाड्याला परतलो. तिथल्या मेकॅनिकने भोवती एक फेरी मारली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "सर, हे माया हातचं नाही. अकोटले रशीदभाईकडे जा. जिनिंगवाल्यांचे सारे ट्रक, ट्रॅक्टर त्याच्याकडेच असतेत."

रात्र पेट्रोल पंपाच्या आवारात काढली. पंपवाल्याने एक पैसा घेतला नाही. अविनाश रात्रभर कूस बदलत होते.

रविवारी सकाळच्या गारव्यात अंजनगावमार्गे अकोट गाठलं. पन्नास-पंचावन्न किलोमीटरच आहेत, पण आम्ही तिशीच्या वेगाने गेलो. अंजनगावच्या आसपास विड्याच्या पानांचे मळे आहेत, बघायला थांबा. अकोटमध्ये शिरताना कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले.

रशीदभाईंचं दुकान म्हणजे टिनाचं एक शेड. बाहेर उघडे पडलेले रेडिएटर, आत धातू जोडायची, झाळकामाची भट्टी. पन्नाशीचा, सडपातळ, चष्मा दोऱ्याने बांधलेला माणूस. त्यांनी गाडीला डावीकडून बघितलं आणि पहिलाच प्रश्न टाकला.

"साहेब, रेडिएटर इकडं काहून आणला?"

अविनाशनी सगळं समजावलं. पंख्यांची ताकद, पाइपाची जाडी, पाण्याचा वेग. फळ्यापुढे उभे असल्यासारखे बोलत होते. रशीदभाईंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मग ते बाहेर गेले, बाभळीवरचा कापसाचा पुंजका तोडून आणला आणि म्हणाले, "गाडी चालू करा. पंखे बी."

इंजिन चांगलं तापू दिलं. मग त्यांनी पुंजका जाळीसमोर धरून सोडला. पंख्यांनी तो आत ओढायला हवा होता. तो जाळीला जेमतेम चिकटला, थरथरला आणि खाली पडला. दुसऱ्यांदाही तेच. मग रशीदभाईंनी अविनाशचा हात धरून जाळीखाली नेला.

"गरम लागते ना? इंजिनची गरम हवा खालून निघते आन् हाच पंखा ती परत ओढते. सपाट रस्त्यावर वारा मदत करते, म्हणून चालते. घाटात गाडी हळू, वारा बंद. बुखारवाल्याले गोधडी पांघरून दिल्यासारखं झालं साहेब. याची जागा समोरच."

अविनाश टपरीवर गेले, चहा न पिताच परत आले. मी गाडीच्या दारात उभी होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "माहं चुकलं मंगल."

"मग नेऊ या पुढे."

"नाही."

"म्हणजे?"

"रेडिएटर पुढं नेला की तुहा पलंग मागं जाते. काच जाते. मंग गाडी बनवलीच कायले? आपन घरी जाऊ. मी दुसरं काही डोकं लावतो."

"अहो, मला वर जायचंय! घाट चढायचाय. काच नसली तर नसली."

"तुले कळत नाही!" ते एकदम ओरडले. "सात महिने मी काय झक मारली का? तू पुन्हा छत पाहत पडशीन, अन् मी गाडी चालवू?"

"ओरडू नका! माझ्या पाठीवर दया करायची असेल तर घरी करा. घाटातून मला परत आणायला कोणी सांगितलं होतं? पुढे दुसरी गाडी करून गेलो असतो की!"

"अन् गाडी रस्त्यावर टाकून?"

"टाकून!"

शेडमधला ठोकाठोकीचा आवाज थांबला होता. एक ट्रॅक्टरवाला तोंड उघडं ठेवून आमच्याकडे बघत होता. मला एकदम लाज वाटली, आणि त्याच क्षणी लक्षात आलं की सहा वर्षांत हा माणूस माझ्यावर एकदाही ओरडला नव्हता. काहीही म्हटलं की "बरं". कुठल्याही गोष्टीला "तू म्हणशीन तसं". मी घरात एखादं काचेचं भांडं असल्यासारखी.

रशीदभाई खाकरले. "भाभी, तुमी घरी चला. बेगम आहे. तुमी पडून राहा, आमी दोघं पाहतो."

घर शेडच्या मागेच. शबानाभाभींनी न विचारता खाटेवर गादी टाकली, ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं आणि मी कुशीवर आडवी होऊन जेवले. भाभी म्हणाल्या, "झगडा झाला ना? इथपर्यंत आवाज आला."

"हो. खूप."

"अच्छा है. आमचे हे बोलतच नाहीत. पहिले धंदा जोरात होता तवा बोलत. आता कोणी रेडिएटरची आतली जाळी नवी टाकत नाही. तांबं महाग, कापसाले भाव नाही, सारे फुटलेल्या जागी डाख लावून नेतेत. हे दिवसभर डाख लावतेत आन् घरी येऊन चूप बसतेत." मग हसल्या. "आज मात्र तुमची गाडी पाहून दोनदा घरात आले सांगायले. बहुत दिनों बाद."

दुपारी मी पुन्हा शेडमध्ये गेले. अविनाशनी शेवटी माझं ऐकलं होतं. रेडिएटर पुढे बसला होता, जुनाच, झाळून साफ केलेला. पलंग दीड फूट मागे सरकला होता, मागची कपड्यांची पेटी टपावर चढली होती. अविनाश आणि रशीदभाई डावीकडच्या त्या भोकासमोर उभे होते.

"पत्रा ठोकून बंद करतो," रशीदभाई म्हणाले.

मी वाकून बघितलं. सरकलेल्या पलंगावरची माझी उशी बरोबर त्या भोकामागे आली होती.

"पत्रा नको," मी म्हटलं. "काच लावा."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. अविनाश आत जाऊन माझ्या जागेवर आडवे झाले, मान वळवली, बाहेर बघितलं. त्यांचा चेहरा भोकात चौकटीत बसवलेल्या फोटोसारखा दिसत होता. "रशीदभाई," ते आतून म्हणाले, "मोडीत निघालेल्या एखाद्या बसची सरकती काच भेटन का?"

भेटली. रबर लावून बसेपर्यंत संध्याकाळ झाली. सगळा खर्च साडेतीन हजार, त्यात काच चारशे रुपयांची. शहरात याच कामाचे सात-आठ हजार सहज घेतले असते. म्हणून जाणकारांना सांगते, रेडिएटरची जागा हलवायचा मोह टाळा. आणि गाडी आधी घाटात चढवून बघा, मगच पलंगाचं माप घ्या.

सोमवारी पुन्हा घाट. दुसरा गिअर, तीच वळणं. अविनाश रस्ता सोडून काट्याकडेच जास्त बघत होते, तेव्हा मी दोनदा दटावलं. काटा अर्ध्याच्या थोडा वर गेला आणि तिथेच राहिला. आणि माझ्या खिडकीतून काय दिसलं म्हणून सांगू! पुढच्या काचेतून रस्ता येताना दिसायचा. इथून डोंगर अगदी गालाला लागून जात होता. दगडातून झिरपणारं पाणी, नेच्याची पानं, कड्याला चिकटलेल्या शेळ्या. एका वळणावर गाडी हळू झाली तेव्हा सीताफळं विकणाऱ्या बाईची टोपली थेट माझ्या नाकासमोर आली. मी काच सरकवली. ती दचकली, मग म्हणाली, "झोपून फिरते काय ओ बाई? मजा हाय!" वीस रुपयांना सहा सीताफळं घेतली, गाडीतून हात बाहेर काढून, पडल्या पडल्या.

चिखलदऱ्याला दोन दिवस राहिलो. गाडी लावायला सपाट जागा भरपूर आहे, पाणी मात्र खालून भरून न्या. गावात रबडी छान मिळते, कॉफीही. गाविलगडाच्या दरवाज्यापर्यंत मी कमरेला पट्टा बांधून चालत गेले, वाटेत तीनदा उभं राहून. आत गेले नाही. दरवाज्याच्या दगडाला हात लावला आणि परत फिरले. अविनाश आत जाऊन आले, किल्ल्यातला तलाव कसा दिसतो ते मला खिडकीशी बसून सांगत राहिले. बुधवारी दुपारी घरी. एकूण डिझेल तीन हजारांच्या थोडं आत, खाणंपिणं आठशे.

घरी येऊन आता दोन आठवडे झाले. लोक विचारतात, काय बघितलं? दरी सांगते, ढग सांगते. पाठ चार दिवस दुखली, तेही सांगते. पण त्या टिनाच्या शेडपुढे आम्ही दोघं अकोटभर ऐकू जाईल असे भांडलो, ते मात्र कोणाला सांगितलेलं नाही, आणि मनात वरचेवर तेच येतं. त्या भांडणात मी आजारी नव्हते, नुसती बायको होते.

काल रात्री मी पाटवड्यांचा रस्सा केला. अविनाशनी पहिला घास घेतला आणि वाटी बाजूला सारली.

"लै खारट केला."

सहा वर्षं या माणसाने माझ्या हातचं कच्चं, करपलं, अळणी सगळं "छान झालं" म्हणून खाल्लं होतं.

"मग दही घ्या की," मी म्हटलं, आणि मला इतकं बरं वाटलं.