डोरीनबाईंची बाही

कॅनडातल्या विनिपेगच्या त्या प्रयोगशाळेत डोरीन हावरीलुकबाईंना सूक्ष्मदर्शक लागतच नाही, असं पोरं म्हणत. पेशींची बाटली उजेडाला धरली की निदान तयार. आतलं पाणी पिवळं, गढूळ? जीवाणू. कापसाचा पुंजका तरंगतोय? बुरशी. मग बाई अशा काही किंचाळत, की वरच्या मजल्यावरचे उंदीरसुद्धा पिंजऱ्यात उठून बसत.

ईस्टर तोंडावर आला आणि मिरेय गोड्रीच्या बाटल्या नासल्या. ही पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला, आणि पेशी एका दुर्मीळ गाठीच्या, कुठेही विकत न मिळणाऱ्या. बाईंनी या वेळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. गोल गोल मणी, प्रत्येकाला चिकटलेलं एकेक पिल्लू.

"यीस्ट! यांना आपली औषधं पाण्यासारखी. ब्लीच ओत, पोरी."

ओतलं. आठवड्याभरात दुसरी खेपही गेली. आता द्रव नायट्रोजनच्या टाकीत त्या पेशींची गोठवलेली एकच कुपी उरली. प्रयोगशाळेचे प्रमुख पेनरसाहेब म्हणाले, "ही डोरीनच उघडेल. मिरेयच्या हाताला गुण नाही."

मिरेय जिन्यात बसून रडली. "सोडूनच देते मी सगळं. बेकरीत काम धरते."

"तिथे तरी यीस्टचं कौतुक होईल!" बाई म्हणाल्या, आणि रडता रडता पोरीला हसू फुटलं.

पण कामात बाई पक्क्या. कुपीला हात लावण्याआधी त्यांनी प्रयोगशाळेतल्या आठही जणांच्या कोटांच्या बाह्या जंतूंचं खाद्य भरलेल्या एकेका बशीवर टेकवल्या. स्वतःचीही टेकवली, नियम म्हणजे नियम. दोन दिवसांनी सात बशा कोऱ्या. आठवीवर साईच्या रंगाच्या ठिपक्यांची जत्रा. बशीवर नाव हावरीलुक!

बाईंना लख्ख आठवलं. घरचा हीटर बंद पडलेला, बाहेर उणे पंधरा. चर्चच्या चाळीस ईस्टर-पावांची यीस्ट घातलेली कणीक फुगवायची कुठे? प्रयोगशाळेच्या कोठीतला जुना इन्क्युबेटर रिकामाच होता, सदतीस अंशांवर मस्त तापणारा. तीन आठवडे रोज पातेलं आत, तेही 'इथे खाणंपिणं बंद' या बाईंनीच लावलेल्या पाटीखाली. कणीक मळून हात धुतले होते हो, कोट मात्र तोच, आणि त्याचीच बाही मिरेयच्या बाटल्यांवरून फिरलेली.

बशी अजून कुणी पाहिली नव्हती. ब्लीच हाताशीच होतं. जरासं ओतलं असतं तर सव्वीस वर्षांची अब्रू शाबूत राहिली असती. बाई क्षणभर थांबल्या, खोटं कशाला सांगा. मग ती बशी ओवाळणीच्या ताटासारखी धरून सगळ्यांपुढे गेल्या.

"चोर सापडला! मीच ती."

"तुम्ही? कणीक? माझ्या प्रयोगशाळेत?" पेनरसाहेबांचा चेहरा टोमॅटो झाला.

"ओरडा नंतर, साहेब. पाव फार सुंदर फुगलेत, दोन तुम्हाला ठेवलेत. पण कुपी मिरेयच उघडेल. पोरीचे हात पहिल्यापासून स्वच्छ होते."

मिरेय आधी रडली, मग पोट धरून हसली. मग पेशी वाढवायची सगळी खोली पुसून काढून कुपी घेऊन आत शिरली. मागोमाग बाई निघाल्या.

"डोरीन, तुम्ही बाहेर."

"अगं, नुसतं बघते."

"काचेतून बघा."

पाच दिवस बाईंनी काचेला नाक लावलं. सहाव्या दिवशी मिरेयने आतून बाटली दाखवली. आतलं पाणी नितळ, गुलाबी, तळाशी जिवंत पेशींचा थर. बाईंना आत यायची बंदी अजून उठली नव्हती, म्हणून त्या बोळातच नाचल्या.