परिचयातून वगळलेली बाई

आखातातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात पाहुण्यांचा परिचय मी करून दिला आणि त्यातून एका बाईला वगळलं. विसरलो नव्हतो, मुद्दाम वगळलं.

पाहुण्या म्हणजे लुसैलच्या आमच्या ऑफिसातल्या एक कृष्णवर्णीय अमेरिकन इंजिनिअर. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकत्र बसायचो. अमेरिका नवी होती तेव्हाच्या एका थोर मुत्सद्द्याच्या आपण वंशज आहोत, हे त्यांनी मला तिथेच सांगितलं. पण सुरुवात त्याच्यापासून केली नव्हती. त्याच्या घरात एक गुलाम मुलगी होती, तिच्यापासून केली होती. तिला त्याच्यापासून मूल झालं, तिच्या मर्जीचा प्रश्नच नव्हता. त्याचे पुतळे आहेत, तिचं साधं चित्रही नाही. म्हणून त्यांच्या घरी सणाच्या जेवणाआधी सगळे तिचं नाव घेतात.

मी भारावलो, पण त्या मुत्सद्द्याच्या नावाने. मंडळात बोललो आणि लगेच शाल-श्रीफळ ठरलं. बायको म्हणाली, "सत्कार नक्की कुणाचा? त्यांचा, की त्यांच्या खापरपणजोबांचा?" मी हसण्यावारी नेलं.

व्यासपीठावर मी त्या थोर पुरुषापासून खाली पाहुण्यांपर्यंत आलो, मधली आई गाळून. आमच्या घरच्या वंशावळीतही फक्त पुरुषच आहेत, त्यामुळे जिभेला ते जड गेलं नाही. शिवाय सणासुदीला, मुलाबाळांसमोर गुलामीचा विषय कशाला, असंही मनात होतं. आधी मराठीत बोललो, मग त्यांच्यासाठी इंग्रजीत. त्या कशाची तरी वाट पाहत माझ्याकडे बघत होत्या. टाळ्या झाल्या. त्यांनी वाकून नारळ घेतला आणि जेवायला न थांबता निघून गेल्या.

ऑफिसात त्या वेगळ्या टेबलावर बसू लागल्या. मी कारण विचारलं नाही, कारण ते मला ठाऊक होतं. बऱ्याच दिवसांनी धीर करून जवळ गेलो आणि सॉरी म्हणालो. त्या रागावल्या नाहीत.

"मला नका सांगू," त्या म्हणाल्या. "तिला जिथे वगळलंत, तिथे सांगा."

संक्रांतीच्या कार्यक्रमात मी माईक मागितला. सेक्रेटरी कुजबुजले, अहो, झालं ते झालं, लोकांना भुका लागल्यात. तरी मी उभा राहिलो. माझ्या सांगण्यावरून त्या आल्या होत्या, शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. मी आधी त्या गुलाम मुलीचं पूर्ण नाव उच्चारलं. मग इंग्रजीत आणि मराठीत हे सांगितलं.

"दिवाळीत मी यांच्या घराण्याची सुरुवात एका मोठ्या माणसापासून केली. ती त्याच्या घरातल्या या गुलाम मुलीपासूनही होते. मला माहीत होतं. तिचं नाव इथे घ्यायची मला लाज वाटली. मी तिचा आणि यांचा अपमान केला. मला माफ करा."