खळ्यातली सूर्यमाला

भातकुली तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते, आणि तिथे एकोणीस वर्षं मी सूर्यमाला चुकीची शिकवली. हे मी खाली मान घालून सांगत नाहीये. खाली मान घालायला लावणारे भेटले होते, त्यांनाही जमलं नाही.

माझं माहेर अकोल्याकडचं, शेतकऱ्याचं. लहानपणी आमच्या खळ्यात ज्वारीची मळणी बैलांच्या पायांनी व्हायची. मधोमध खांब रोवलेला, त्याला एकाच दोरात ओळीनं बांधलेले चार-पाच बैल कणसं तुडवत गोल फिरायचे. खांबाजवळ म्हातारा बैल, कारण त्याला जागच्या जागी वळायचं. सगळ्यात बाहेर तरणा, कारण तेवढ्याच वेळात सगळ्यात लांबचा फेरा त्याला मारायचा. मीही हातात काठी घेऊन त्यांच्यामागे फिरले आहे. पुढे शिक्षिका झाले, सूर्यमालेचा धडा आला, आणि पुस्तक उघडायच्या आधी माझ्या डोळ्यांपुढे ते खळं उभं राहिलं.

मग काय, मैदानात मुलांना दोर धरायला लावायचे. मध्ये सूर्य, त्याच्याजवळ रेंगाळणारा बुध, आणि टोकाला जीव तोडून पळणारा नेपच्यून. "बाहेरचा ग्रह सगळ्यात जोरात!" मी ओरडायचे. मुलं खूश, मी त्यांच्याहून खूश. ग्रहांना कोणी दोर बांधलेला नाही, हे एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही.

आलं ते सातवीतल्या एका मुलीच्या. मळणीयंत्राच्या काळात जन्मलेली, खळं तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिच्यासमोर फक्त पुस्तकातला तक्ता होता.

"मॅडम, हे जमून नाई राहिलं," ती वर्गात उठून म्हणाली. "नेपच्यून आपल्यापेक्षा तीसपट लांब हाय. म्हंजे त्याचा रस्ता तीसपट. तो आपल्याएवढा बी चालला असता, तरी तीस वर्षांत फेरा पुरा झाला असता. त्याले तं एकशे पासष्ट लागून राहिले. मंग तो जोरात कसा?"

मी तिला "बस खाली" म्हणाले. हो, म्हणाले. कान तापले होते माझे.

त्या संध्याकाळी अमरावतीत, राजापेठेतल्या घरी, खाली क्लास सुटलेल्या पोरांच्या गाड्यांचा कलकलाट चालू असताना, मी आठही ग्रहांचं गणित मांडलं. आठही ग्रह त्या मुलीच्या बाजूने उभे राहिले. जवळचा बुध सगळ्यात चपळ, टोकाचा नेपच्यून सगळ्यात सुस्त. माझं खळं साफ उलटं होतं. मला लाज वाटली, रडूही आलं, आणि दोन्ही झाल्यावर स्वतःचाच संताप आला, की त्या पोरीला खाली का बसवलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, "मी चुकले," आणि खाली तिचं गणित तिलाच मांडायला लावलं.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने तीन मॉडेल केली. पहिल्यात मध्ये पृथ्वी, काळ्या मातीचा गोळा, भोवती सूर्य-चंद्रासकट सगळे. दुसऱ्यात मध्ये सूर्य आणि एका काडीला ओळीनं बांधलेले, तान्ह्या पोळ्याला लहान पोरं मिरवतात तसले आठ लाकडी बैल, प्रत्येकाच्या पाठीवर ग्रहाचं नाव. हे माझं. तिसरं तिचं, बांगडीपासून सायकलच्या रिंगेपर्यंत आठ कडी, आणि त्यांवर आपापल्या वेगानं फिरवता येणारे मणी. प्रत्येकासमोर एक चिठ्ठी, "यात काय चुकलं." पहिल्या दोन भरलेल्या. स्वतःच्या मॉडेलची तिने कोरी ठेवली होती.

"मॅडम, आपली चूक आपणच चव्हाट्यावर मांडायची?" मुख्याध्यापक म्हणाले.

"हजार वर्षांहून जास्त काळ मोठमोठे विद्वान पृथ्वीला मध्ये बसवून होते," मी म्हणाले. "त्यांची चूक पुस्तकात छापलेली चालते, तर माझी टेबलावर का नाही?"

परीक्षक दोघे होते. त्यांतल्या एकाने लाकडी बैल उचलून विचारलं, "हे विज्ञान प्रदर्शन आहे की तान्हा पोळा?" सगळे हसले. मग त्याने मला बाजूला घेतलं. मुलगी हुशार आहे, पण चुकीची दोन मॉडेल काढा आणि ती कोरी चिठ्ठी फाडा. लगेच जिल्ह्याला पाठवतो.

जिल्ह्याला म्हणजे अमरावतीला. त्या मुलीने महिनाभर दुसरं काही बोललेलं मला आठवत नाही. बैलांची काडी मीच उचलली. माझ्या हट्टापायी तिचं अमरावती का बुडावं?

तिने माझा हात धरला. "हे काढलं, तं मी काय शोधलं ते कसं समजन?"

काडी मी जागेवर ठेवली. परीक्षकाला सांगितलं, "काही निघणार नाही. लिहा काय लिहायचं ते." आवाज चढला होता, चढू दिला. जिल्ह्याला पाणी गाळण्याचं मॉडेल गेलं. परतताना ती स्कूटीवर माझ्यामागे बसून रडली. मी गप्प बस म्हणाले नाही. एकदा खाली बसवलं होतं, तेवढं पुरे होतं.

तिन्ही मॉडेल शाळेच्या कपाटात ठेवली. दर वर्षी वर्गात मी आधी बैलच काढते.

आमची शाळा सातवीपर्यंतच. परवा ती दाखल्याची नक्कल न्यायला आली, आता नववीत आहे. कपाट उघडून बराच वेळ आपलं मॉडेल फिरवत बसली. मग माझा पेन मागून त्या कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं, "रिंगा गोल घेतल्या, लंबवर्तुळ पाहिजे. सूर्य बरोबर मधात ठेवला, तो थोडा बाजूले असते."

परीक्षकांना हे दिसलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी तर ते दर वर्षी पुस्तकातून वाचून दाखवते.

"आता चवथं करा लागते," ती म्हणाली.

मी तशीच मुख्याध्यापकांकडे गेले आणि या वर्षीच्या प्रदर्शनाला आमच्या सातवीचं नाव द्यायला सांगितलं. चार मॉडेल, तीन भरलेल्या चिठ्ठ्या, एक कोरी.

"परीक्षक तेच आहेत, मॅडम," ते म्हणाले.

"मग बरंच झालं," मी म्हणाले. "त्यांची पहिली तीन पाहून झाली आहेत."