डाव्या हाताची घडी

मला भूत दिसलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना भुताची गोष्ट हवी असेल त्यांनी पान उलटावं. अंगात आलेल्या बाईला "ऊठ, चूल पेटव" म्हणणाऱ्यातली मी. रस्त्यात उतरून टाकलेलं लिंबू सापडलं तर मी ते धुऊन घरी आणलेलं आहे आणि सगळ्यांना सरबत पाजलेलं आहे. कुणाला काही झालं नाही. शिक्षण मराठी चौथी, तेव्हा शुद्धलेखनाचं संपादकांनी बघून घ्यावं.

गेल्या महिन्यात आमच्या कोपऱ्यावरचं ग्राहक भांडार बंद पडलं. आधी वरचा मजला बंद केला, मग कपड्याचा भाग, मग नुसती साखर आणि साबण उरले, शेवटी दारावर सेलचा कागद लागला. सून पिशवी भरून साबण घेऊन आली, खूश होती. मी मात्र रिकाम्या मांडण्यांसमोर बराच वेळ उभी राहिले. नातू म्हणाला, "आज्जी, काय बघतीस? काय बी न्हाय हितं." त्याला उत्तर दिलं नाही... ते इथं लिहिते.

कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, मंगळवार पेठेत दुकान होतं. आम्ही जैन, पिढ्यान् पिढ्या कापडवाले. पण अण्णांनी नवीन काढलं... कापड तर होतंच, शिवाय आरसे, कात्र्या, छत्र्या, कंदिलाच्या काचा, पितळी डबे, सगळं एकाच दुकानात. आणि प्रत्येक वस्तूवर भावाची चिठ्ठी. घासाघीस नाही. लहान पोर आलं तरी तोच भाव, इनामदार आला तरी तोच, आणि तो बाजारापेक्षा थोडा कमी. लोक दुकानाला 'एकभाव' म्हणायचे. ते इतकं चाललं की कागल, गडहिंग्लज आणि मुरगूडलाही एकभाव निघालं. हसनचाचा बैलगाडी घेऊन चारी दुकानांत फिरायचे. इथं न खपलेला माल तिथं न्यायचे, तिथला इथं आणायचे.

बुधवारी दुपारी दुकान बायकांचं. दाराला चादर लावायची, अण्णा बाहेर फळीवर रस्त्याकडं तोंड करून बसायचे, आणि आत अण्णांची विधवा बहीण, आमची आत्ती, राज्य करायची. ज्या बायका एरवी उंबरा ओलांडत नसत त्या यायच्या. लुगडी उलगडायच्या, गालाला लावून बघायच्या, घ्यायच्या नाहीत.

"भाव न्हाय करायचा तर बोलायचं काय वो आत्ती?" एकजण म्हणाली होती.

"सासूबद्दल बोला की. त्येला कुठं चिठ्ठी लावलीया?"

बायका गेल्या की दुकानाच्या मध्ये उलगडलेल्या लुगड्यांचा हा एवढा ढीग पडलेला असायचा. तो घडी घालून परत मांडणीवर लावणं हे माझं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं काम. तिला आम्ही आक्का म्हणायचो.

आक्का डावखुरी होती. जेवताना डावा हात पुढं आला की आत्ती पळीनं मारायची. म्हणून ती चारचौघांत सगळं उजव्या हातानं करायची, आणि सगळंच वेंधळ्यासारखं व्हायचं. पण आम्ही दोघीच असलो की म्हणायची, "चंपे, तोंड फिरीव." मी भिंतीकडं तोंड करायचे. मागं कापडाचा फटकारा ऐकू यायचा... फट्, फट्, फट्... मी एक लुगडं घडी घालते तोवर तिची चार व्हायची. फक्त ती घडी उलटी पडायची. आमच्या घडीत पदर उजवीकडं वर येतो, तिच्यात तो डावीकडं आत जायचा. गिऱ्हाइकासमोर लुगडं झटक्यानं उघडायला गेलं की नेमकं अडकायचं. अण्णा कपाळाला हात लावायचे, "आक्काची घडी हाय ही. उचला, दुसरं दाखवा."

मी म्हणायचे, "आक्का, बघू दे की एकदा."

"न्हाय. तू बघितलंस की माझं हात चालत न्हाईत."

तिचं लग्न झालं आणि ती मुरगूडला गेली. नवरा तिथलं दुकान बघायचा, ती तिथला बुधवार. हसनचाचांच्या गाडीतून मुरगूडचा माल परत आला की मी आधी गठ्ठे सोडायचे. पदर डावीकडं आत गेलेला दिसला की समजायचं, आक्का बरी आहे. दुसरा निरोप लागत नसे.

जर्मनीची लढाई संपता संपता मानमोडीच्या तापाची साथ आली. आक्का चार दिवसांत गेली. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मेहुण्यांचं मन उडालं, मुरगूडचं दुकान मिटलं. हसनचाचा सगळा माल घेऊन आले. गाडीवरून उतरले नाहीत, वरूनच म्हणाले, "चंपाबाय, ह्यो गठ्ठा तुम्हीच सोडा." सगळ्या घड्या तिच्या होत्या.

अण्णा म्हणाले, विकायचं असेल तर घड्या मोडाव्या लागतील. बरोबरच होतं. मी आणि आत्तीनं बसून एकेक मोडली, सरळ घातली. एकही ठेवली नाही. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढं सगळे मला हेच म्हणाले... जुनी एखादी राहून गेली असेल. राहिली नव्हती.

पुढच्या पावसाळ्यानंतर नवीन माल आला. मुरगूड बघितलेलंच नव्हतं त्या लुगड्यांनी. एका बुधवारी बायका गेल्या, मी आणि आत्ती मागच्या हौदावर हातपाय धुवायला गेलो. परत आलो तर ढिगाशेजारी पाच लुगडी घडी घालून ठेवलेली. पदर डावीकडं, आत.

आत्ती माझ्यावर खेकसली. "मस्करी करतीस व्हय गं मेलेल्या माणसाची?"

"मी तुमच्यासंगंच हुते की हौदावर!"

"मग कोन, मी?"

आत्तीनं ती पाच उचलली आणि वरच्या मांडणीवर ठेवली, जिथून सहसा कुणी मागत नाही. मोडली नाहीत.

पुढच्या बुधवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. इतर दिवशी ढीग पडला तर काही नाही, फक्त बुधवारी. मी गिऱ्हाइकांत कुणी डावखुरी आहे का बघितलं, नव्हती. हौदामागच्या परसाचं दार आतून लावलेलं असायचं, पुढं अण्णा बसलेले. एकदा हौदावर गेलेच नाही, ढिगासमोर मांडी घालून बसले. दिवेलागणीपर्यंत बसले. काही झालं नाही. रडू आलं मला. तशी मी रडणारी नव्हे.

मग पुढच्या खेपेला डोक्यात आलं. आत्तीला बाहेर पाठवलं, भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाले, "आक्का, मी बघत न्हाय."

बाहेर अण्णांचा खोकला... आणि मग मागं फट्. थोडा वेळ गेला, पुन्हा फट्. आधी सावकाश, मग लवकर लवकर, ती हात बसल्यावर करायची तसं. माझ्या मानेला वारा लागत होता त्या कापडाचा. मी वळले नाही. मला माहीत होतं, वळले तर तिचे हात थांबतील. थांबल्यावर वळले. ढीग संपला होता.

हे मी अण्णांना सांगितलं, कारण तेव्हा दुकानाचं वाईट चाललं होतं. लढाईत कापड महाग झालेलं, अण्णांनी त्या महागाईत माल भरलेला, आणि नंतर भाव कोसळले. बाकीचे दुकानदार गिऱ्हाईक बघून भाव उतरवत होते. अण्णांना ते जमेना. 'एकभाव' म्हणून पाटी लावलेली. बायका येत, उलगडून बघत आणि घ्यायला पलीकडच्या दुकानात जात. आधी गडहिंग्लज मिटलं, मग कागल. सगळे सांगत होते, मंगळवार पेठेतलंही मिटवा, आहे तेवढं तरी वाचेल.

"अण्णा, मिटवू नका की," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

अण्णा भडकले. "मेलेल्या लेकीसाठी कुणी दुकान चालवतंय व्हय? जा, भाकरी थाप."

पण पुढच्या बुधवारी बायका गेल्यावर ते आत आले. आम्हाला घरी जायला सांगितलं. मी चादरीच्या फटीतून बघितलं, ते आतल्या फळीवर बसले होते, जसे बाहेर बसायचे तसेच, रस्त्याकडं तोंड, ढिगाकडं पाठ. मग मी निघून गेले, कारण मी बघत असताना काही व्हायचं नव्हतं.

ते घरी आले तेव्हा डोळे लाल होते. आणि दुकान मिटलं नाही.

वर्षभर त्यांनी ते ओढलं. काका म्हणायचे, "अण्णाचं डोस्कं फिरलंय." हसनचाचांची बैलजोडी गेली, कारण न्यायला माल नव्हता. आईच्या पाटल्या आणि गोठ गेले. बुधवारी बायका मात्र यायच्या, फुकट बघायला कोण सोडतं? आणि अण्णा त्यांना म्हणायचे, "उलगडा, उलगडा. बघायला काय जातंय." असं म्हणणारा दुकानदार कोल्हापुरात दुसरा नव्हता. बायका मागं हसायच्या. मी त्यांना काय सांगणार?

शेवटी सावकारानं पाटी उतरवली. शेवटचा दिवस बुधवारचाच ठेवला अण्णांनी, आणि त्या दिवशी एकदाच स्वतःच्या हातानं चिठ्ठ्या फाडल्या. जो भाव म्हणाल तो. बायका तुटून पडल्या. जे वर्षानुवर्षं नुसतं गालाला लावून बघितलं होतं ते त्यांनी त्या दिवशी घेतलं. वरच्या मांडणीवरच्या घड्यासुद्धा गेल्या. आत्ती ओरडत होती, "हळू गं, फाडताय व्हय!" दुपार कलली तेव्हा दुकानात नुसत्या मांडण्या.

मी एक लुगडं आधीच पेटाऱ्यामागं लपवलं होतं. जांभळं, साध्या काठाचं. सगळे गेल्यावर ते काढलं, उलगडून मधोमध टाकलं. एवढ्या मोठ्या रिकाम्या दुकानात ते एकटंच. आत्ती आणि अण्णा दारात होते. त्यांनीही न सांगता तोंड फिरवलं. मी म्हणाले, "आक्का, आज एकच हाय."

एकच फटकारा झाला. घाईचा नव्हता. ती एवढ्या सावकाश कधी घडी घालत नसे.

अण्णा फळ्या लावताना म्हणाले, "झालं न्हवं तिचं?" मी म्हणाले, "झालं." आम्ही घरी आलो. त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. पुढं अण्णांनी दुसऱ्याच्या पेढीवर नोकरी केली आणि कधी त्या दुकानावरून गेले नाहीत.

जांभळं लुगडं मी घडीसकट सासरी आणलं. पहिल्याच बुधवारी, सगळे कामात असताना, ते उलगडलं, जमिनीवर पसरलं आणि भिंतीकडं तोंड केलं. म्हणाले, आक्का, मी बघत नाही... दिवस बुडेपर्यंत बसले. सासू येऊन म्हणाली, "हे काय गं, लुगडं धुळीत टाकून भिंतीला तोंड लावून बसलीस?" वळून बघितलं तर ते तसंच पडलेलं.

हे ज्या दोघातिघांना सांगितलं ते हळहळतात. म्हणतात, घडी मोडायला नको होती, एवढी एक खूण होती. त्यांना कळत नाही. घडी ठेवून काय करायचं होतं? मला घालणारी पाहिजे होती. ती यायची तर लुगडं उलगडावंच लागणार.

ती यायची ती दुकानात यायची, माझ्याकडं नव्हे, एवढं मला त्या दिवशी समजलं. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. का यायची, कशी यायची, दुकान गेल्यावर कुठं गेली, मला ठाऊक नाही. शिकलेल्या दोन माणसांना विचारलं, त्यांनाही नाही. आत्ती आणि अण्णा कधीच गेले, तेव्हा साक्षीला कुणी नाही. पटत नसेल त्यांनी सोडून द्यावं.

लुगडं आता विरलंय. दर बुधवारी दुपारी मी ते पलंगावर पसरते आणि खिडकीकडं तोंड करून बसते. सून दारातून विचारते, "आत्याबाई, घडी घालू का?"

मी म्हणते, राहू दे.