इंदूचा ताकाचा गडू

ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की माझ्या नातवंडांना ती पाठ आहे — आणि तरी ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. असं कसं, म्हणाल. अर्धीच सांगत आले, म्हणून. हसायची तेवढी अर्धी.

ती आधी घ्या. आमच्या इकडच्या मालेगावच्या एका मंगल कार्यालयात आरोग्याची मोठी सभा होती. दिल्लीचे डॉक्टर, पुण्याचे डॉक्टर, शिवाय एक परदेशी मॅडम आणि त्यांचं बोलणं मराठीत सांगणारा एक पोरगेला माणूस. विषय होता, साऱ्या जगापुढची आरोग्याची आव्हानं. साऱ्या जगापुढची, बरं का! आणि त्या जगात आमच्या गावातर्फे कोण? तर मी. बोलायला उभी राहिले, समोर टेबलावर एक काळी कांडी पडली होती ती उचलली, तोंडासमोर धरली आणि भाषण ठोकायला लागले. तो माईक नव्हता. भिंतीवरची चित्रं पुढं-मागं करायचा रिमोट होता तो. मी आवेशात येऊन मूठ आवळली की मागं चित्र बदले — डास, मग बाळंतीण, मग जगाचा नकाशा, की परत डास. अख्खं कार्यालय खदखदून हसत होतं आणि मला वाटत होतं, काय रंगलंय माझं बोलणं!

बारशाला सांगितली, हळदीकुंकवाला सांगितली, सोयाबीन सोंगताना सांगितली. त्या बाईची नक्कल मी फार छान करते. नाकात नवी मोरणी, अंबाड्यात शेवंती, डोक्यात हवा. कोण होती हो ती? — असं मीच विचारते आणि मीच हसते.

मागच्या आठवड्यात माझी नात, जी नर्सिंग शिकते, मोबाईलवर कसलीशी चर्चा पाहत बसली होती. चार चौकोनांत चार तज्ज्ञ, चार देशांचे. मी तुरीच्या शेंगा सोलत होते. नात मधूनमधून मराठीत सांगत होती — औषधांना दाद न देणारे जंतू, वाढत्या उन्हाबरोबर पसरणारे डास, आणि आजार लपवणारी माणसं. मग ती म्हणाली, आजी, तुझी रिमोटची गोष्ट आमच्या कॉलेजात सांगशील का? मी तिथंच नक्कल करायला घेतली. डासापर्यंत आले — आणि पुढं आवाजच फुटेना. तिला वाटलं ठसका लागला. पाणी दिलं तिनं.

ठसका नव्हता. मग काय होतं? तेच सांगायला बसले आहे. जरा फिरून फिरून येईन. थेट सांगायची हिंमत असती तर इतकी वर्षं कशाला लागली असती?

इंदू माझ्या घरामागच्या गल्लीत राहायची. आम्ही दोघी एकाच साली लग्न होऊन या गावात आलो. तिला टीबी झाला. आज हे वाक्य सरळ लिहिता येतं. तेव्हा आमच्याकडं तो शब्द कुणी मोठ्यानं बोलत नसे, आणि सुनेला तो झाल्याचं कळलं की तिची पिशवी भरायला वेळ लागत नसे. दवाखान्यात ती माझ्यासोबत गेली, बांगड्या भरायचं निमित्त करून. घरी काही बोलली नाही. नर्सबाई तिला दर वेळी समजावत — घरच्यांना सांग, त्यांचीही तपासणी व्हायला पाहिजे. ती म्हणायची, खोकला थांबू द्या, मग मीच सांगते. नवऱ्याला आधी सांगीन, मग सासूला. तिनं सगळं ठरवून ठेवलं होतं. कसं सांगायचं, कुठल्या सणाला सांगायचं, तेसुद्धा.

तेव्हा गोळ्या दिवसाआड असत आणि कुणाच्या तरी डोळ्यांदेखत गिळाव्या लागत. आमच्या गावात ते डोळे माझे. मी चार बुकं शिकलेली, घर रस्त्याला लागून, म्हणून नर्सबाईंनी गोळ्यांची पेटी माझ्याकडं ठेवली होती. आता इंदूनं माझ्या घरी दिवसाआड यायचं कसं? त्यावर तिनंच तोड काढली. आमच्याकडं म्हैस दुभती होती. ताक आमच्यात कुणी विकत नाही; शेजारपाजारच्या बाया गडू घेऊन येतात, भरून नेतात. इंदूही गडू घेऊन येऊ लागली. पितळेचा, कडेला चेपलेला. बाकीच्या भल्या पहाटे येत. ही सगळ्या गेल्यावर, ऊन ओट्यावर चढलं की. चुलीमागं उभी राहून पाण्यानं गोळ्या गिळायची, तोंड पुसायची, आणि ताक घेऊन घरी. तिची सासू साऱ्या गल्लीत सांगायची, माझ्या सुनेले ताकाचं वेड लागलं.

पहिल्या आठवड्यात लघवी लाल झाली म्हणून ती रडतच आली. गोळ्यांनी होतं तसं, असं मी सांगितल्यावर दोघी इतक्या हसलो की गोठ्यातली म्हैस मान वळवून बघायला लागली. ते हसणं मला अजून ऐकू येतं. रिमोटच्या गोष्टीवर लोक हसतात ना, ते त्याच्यापुढं काहीच नाही.

तर सभेचं बोलावणं आलं. माझ्याकडं धड साडी नव्हती. इंदूनं तिच्या लग्नातली मोरपंखी साडी आणली — सासूनं घेतलेली, ट्रंकेत जपलेली. तिनंच मला नेसवली. तोंडात पिना धरून पदर लावत होती आणि काहीबाही सांगत होती. मी आरशात गुंग. एवढंच आत्ता सांगते.

सभेत तज्ज्ञ आधी आपसांत बोलले. एक म्हणाले डास, एक म्हणाले निकामी होत चाललेली औषधं. परदेशी मॅडम म्हणाल्या, अंगात रक्त नसलेल्या आया. शहाणी माणसं होती, अदबीनं बोलत होती. मग त्यांनी आम्हा बायांना विचारलं — तुमच्या गावात औषध पोचतं, तरी माणसं बरी का होत नाहीत? मी उठले. आणि तो रिमोट उचलला.

हसले लोक. माझ्या गोष्टीत मी म्हणते ना, की मला वाटलं बोलणं रंगलंय? ते पहिल्या दोन चित्रांपुरतं खरं आहे. मग मी मागं वळून पाहिलं आणि मला कळलं. एका डॉक्टरांनी उठून हलकेच तो रिमोट माझ्या हातातून घेतला आणि माईक दिला. आज मी यावर हसते. त्या वेळी कान असे तापले होते की वाटलं, आता खाली बसले तर जन्मभर ही माकडीण म्हणूनच ओळखतील मला. इंदूची साडी, इंदूच्या पिना, आणि आत मी — घामानं भिजलेली, चिडलेली. ती सभा मला परत जिंकायची होती. कशानं जिंकायची?

मी म्हटलं, साहेब, लाज हीच मोठी बिमारी हाये.

कार्यालय शांत झालं. बघा, एका शब्दानं शांत झालं. तिथं मी थांबले असते तरी झालं असतं. पण मॅडमनी विचारलं — म्हणजे कसं? एखादं उदाहरण?

आता इथं मी नेहमी काय सांगते, ते ऐका. गावात ज्यांनी मला याबद्दल विचारलं, त्या सगळ्यांना मी म्हटलं की बोलण्याच्या भरात निसटलं. नाव तर मी घेतलंच नव्हतं. आणि इंदूची सासू तर लेकीकडं शिरपूरला गेली होती. ती तिथल्या बायांबरोबर त्या सभेला येऊन बसेल, हे मला काय ठाऊक? लोकांना पटलं. मीही हळूहळू पटवून घेतलं. निसटलं — किती सोयीचा शब्द आहे नाही?

निसटलं नव्हतं.

मी तिला पाहिलं होतं. पंख्याखालच्या रांगेत बसली होती, आणि माझ्याकडं नाही, माझ्या साडीकडं बघत होती. आपण घेतलेली साडी दुसरीच्या अंगावर — कपाळाला आठी. आमची नजरानजर झाली. त्यानंतर, तिच्याकडं बघत बघतच, मी माईक तोंडाशी धरला आणि म्हटलं, आमच्या गावात एक बाई हाये, टीबीच्या गोळ्या घ्याले माया घरी येते तं हातात ताकाचा गडू घेऊन येते, घरच्याइले वाट्टे ताकाले गेली.

टाळ्या झाल्या. फार झाल्या. मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. मी चष्म्याकडं पाहिलं, सासूच्या रांगेकडं नाही.

आणि पुढचं ऐका. डॉक्टरांनी पुढचं चित्र लावलं. त्यावर मोठ्या अक्षरांत तेच लिहिलेलं होतं — रोगाची लाज, लपवालपवी. खाली डोक्यावरून पदर ओढलेल्या बाईचं चित्र. ते नम्रपणे म्हणाले, ताईंनी सांगितलं तेच मी आता सांगणार होतो. म्हणजे त्यांना ते आधीच ठाऊक होतं. माझ्या उदाहरणावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. इंदूला मी विकलं, आणि विकत घ्यायला कुणी उभंसुद्धा नव्हतं.

दुपारी बुंदीचं जेवण होतं. सासू जेवली. माझ्या शेजारूनच हात धुवायला गेली. मीही पोटभर जेवले. हे सांगायला जीभ अडखळते, पण जेवले. फोटोही काढून घेतला मॅडमबरोबर, मोरपंखी पदर नीट पुढं घेऊन.

दुसऱ्या दिवशी ऊन ओट्यावर आलं, ओट्यावरून उतरलं. गडू आला नाही. तिची बाज गोठ्यात टाकली होती, ताट वेगळं केलं होतं. आठवडाभरात नवरा तिला रिठदला, तिच्या भावाकडं सोडून आला. तिचं लेकरू मात्र ठेवून घेतलं. गोळ्यांची अर्धी पेटी माझ्या कोठीवर तशीच. नर्सबाईंनी कळवळून विचारलं, कुणी सांगितलं हो तिच्या घरी? मी म्हटलं, काय की बापा. त्या रिठदला निरोप पाठवत राहिल्या. इंदू कुणासमोर येईना, गोळ्यांसाठीही. एकदा जिच्या डोळ्यांदेखत गिळल्या तिनं असं केल्यावर, दुसरीच्या डोळ्यांवर इंदूनं का भरवसा ठेवावा?

गोळ्या मधेच सुटल्या की रोग निगरगट्ट होतो. साध्या औषधाला मग तो जुमानत नाही. हे मला पेटी देताना नर्सबाईंनी शिकवलं होतं, मी इंदूला शिकवलं होतं. तिचा तसाच झाला. मग मोठा इलाज, इंजेक्शनं, महिनोन्‌महिने. जीव वाचला तिचा. इंजेक्शनांनी कान अधू झाले. ती परत आमच्या गावी कधी नांदायला आली नाही.

मी एकदाच गेले रिठदला. साडी धुऊन, घडी करून नेली होती, आणि बरणीत ताक. ताक! अक्कल बघा माझी. इंदू ओसरीत बसून सुपात ज्वारी निवडत होती. हात काटकुळे झाले होते, पण पाखडणं तसंच नेटकं. तिनं बस म्हणून खुणावलं. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, निसटलं वं माया तोंडातून, तुही सासू तिथं येईन हे मले ठाऊक नव्हतं.

तिनं कानामागं हात धरला. ऐकू आलं नव्हतं तिला.

तेव्हा तरी गप्प राहायचं. मी काय केलं? तेच खोटं परत एकदा, मोठ्यानं, ओरडून म्हटलं. तिची भावजय चुलीपासून वळली, दारातली शेळी दचकली. मले ठाऊक नव्हतं, इंदे!

या वेळी तिला ऐकू आलं. ती रागावली नाही, रडली नाही. सूप खाली ठेवलं, साडीची घडी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली,

"पिना तोंडातून काढून सांगतलं होतं मी तुले, सासूबाई शिरपूरहून त्या सभेलेच येऊन राह्यल्या, जपून बोलजो. तू आरशात पाहून हो म्हनली होती. ने साडी, तुलेच शोभते."