केळफूल नम्र नसतं

जळगावच्या बस स्टँडसमोर माझी हारांची गाडी होती. गाडीची टपरी झाली, टपरीचं दुकान झालं, आणि यातलं काहीही मला कोणी हातात आणून दिलेलं नाही. पहाटे फूलबाजारात मी दिसलो की माल घेऊन आलेले शेतकरी तोंड फिरवायचे, कारण भाव पाडल्याशिवाय मी टोपलीला हात लावत नसे. माझं तोंड तिखट आहे, हे मी कधी नाकारलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानात वाढदिवसाची इंग्रजी कार्डं आली. त्यांवर प्रत्येक महिन्याचं एक फूल आणि त्या फुलाचा अर्थ छापलेला. जूनचं फूल गुलाब, त्याचा अर्थ प्रेम. मला त्यात धंदा दिसला. 'जन्ममहिन्याच्या फुलाचा हार मिळेल' अशी पाटी लावली. आठवड्याभरात लक्षात आलं की आमच्याकडे बहुतेक सगळे जूनचेच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट एक जून लिहून टाकलेला. एका कचेरीतले साहेब तर भडकलेच. "मी आणि माझा शिपाई एकाच दिवशी जन्मलो, आणि दोघंही प्रेमळ? त्याला एकदा भेट तू."

"मग साहेब, खरे कधी जन्मलात?"

"आई म्हणते, कपाशी फुलली होती तेव्हा."

त्या एका वाक्याने माझी वाट बदलली. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागलो, आईला विचारून या, तेव्हा शेतात काय फुललं होतं. कोणतीही आई अडली नाही. भडगावकडची एक म्हातारी लेकासोबत स्वतःच आली. "कपाशी फुलेल व्हती तवय तू व्हयना," ती त्याला म्हणाली, "ते फूल सकाये पिवळं, दुसरे दिन लाल. तसाच शे तू. घडीमा लाल व्हस." लेक लाजला, आणि मला कपाशीचा अर्थ मिळाला. तुरीचा असाच मिळाला: सगळी पिकं निघून गेली तरी शेतात उभं राहणारं माणूस. पळसाचा: अंगावर पान नसलं तरी फुलणारं. झेंडूच्या हारात मधोमध ते एक फूल मी गुंफून द्यायचो, आणि लोक हार हातात घेऊन आईकडे जायचे.

हे सगळं लिहून ठेवायला हवं होतं, आणि माझं शिक्षण चौथीपर्यंत. धुळ्याच्या एका शाळेतले चित्रकलेचे सर दर शनिवारी जळगावला सासरवाडीला यायचे. बस येईपर्यंत माझ्या स्टुलावर बसायचे, माझा चहा प्यायचे. त्यांनी वही केली. मी सांगायचो, ते लिहायचे, शेजारी फूल काढायचे. अक्षर मोत्यासारखं. तीन वर्षं हे चाललं. त्यांना मी मित्र समजत होतो. माझ्यासारख्या माणसाला मित्र फार नसतात.

वहीत बाराही महिन्यांची फुलं भरली तेव्हा मी म्हणालो, "सर, अजून एक पान ठेवा. तेरावं."

"तेरावं कशाला, शेठ? अधिक महिन्याचं?"

मग मी त्यांना जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. मी अंगावर पीत होतो तेव्हाच आई गेली, बाप त्याआधीच. काकूने वाढवलं, पण ती तेव्हा त्या घरात आलेलीच नव्हती. मी कधी जन्मलो हे सांगणारं जगात कोणी नाही. केळ कोणत्याही महिन्यात निसवते, फूल बाहेर टाकते, तिला हंगाम विचारावा लागत नाही. म्हणून ज्याला विचारायला कोणी नाही, त्याचं केळफूल.

सरांनी सुरेख केळफूल काढलं. "अर्थ काय लिहू? खाली झुकलेलं असतं. नम्रता?"

"झुकलेलं नाही सर, जड आहे. मागे आख्खा घड यायचाय. लिहा, स्वतःचं ओझं स्वतः पेलणारा."

त्या शब्दांवर आमची घासाघीस झाली. शेवटी हसून त्यांनी माझेच शब्द लिहिले. चित्रं नीट रंगवून आणतो म्हणून वही घेऊन गेले, आणि शनिवारचे यायचे थांबले.

वर्षभराने स्टेशनरीवाल्याने मला पुस्तिका दाखवली. वर सरांचं नाव. आत माझ्या म्हाताऱ्यांची वाक्यं. तेराव्या पानावर केळफूल, आणि खाली: 'नम्रता. जळगावच्या एका अनाथ फूलविक्रेत्याला त्याचा जन्म ठाऊक नव्हता. त्याला मी हे फूल दिलं.'

'मी दिलं' म्हणे.

तशीच एसटी पकडून धुळ्याला गेलो. सरांच्या बायकोने पाणी आणलं, ते मी घेतलं नाही. "पुस्तिका ठेवा तुम्हाला," मी म्हणालो. "नावही तुमचंच राहू द्या. ते एक पान तेवढं खरं करा."

"दुसऱ्या आवृत्तीत बघू." मग आत गेलेल्या बायकोकडे नजर टाकून ते हळू आवाजात म्हणाले, "आणि नम्रता काही शिवी नाही, शेठ. तुम्हाला थोडी असती तर बरं झालं असतं."

मी जे बोललो ते गल्लीत ऐकू गेलं. त्याचा उपयोग झाला नाही. दुसरी आवृत्ती निघाली आणि पान तसंच राहिलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक बाई दहा-बारा वर्षांच्या मुलीला घेऊन दुकानात आली. मेलेल्या बहिणीची मुलगी. बाईच्या हातात ती पुस्तिका होती. "केळफूलना हार दे, भाऊ," ती म्हणाली, आणि मुलीकडे वळून पान वाचून दाखवलं. "पाह्य, काय लिखेल शे. नम्र ऱ्हावानं. उलटं बोलानं नही."

मुलगी खाली बघत होती.

"अक्का, तसं नाही ते," मी म्हणालो. "त्या फुलाचा अर्थ मी सांगितला होता. त्यांनी बदललाय. ते फूल नम्र नाही, जड आहे."

मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बाईने माझ्याकडे, मग पुस्तिकेकडे पाहिलं. "छापेल शे ते खोटं कसं ऱ्हाई, भाऊ? तू हार बांध."

मी हार बांधून तिच्या हातात दिला. तिने तो मुलीच्या गळ्यात घातला आणि म्हणाली, "मान खाले घाल, नीट बसत नही."